मापात पाप, आणि गावातली चार ख्रिस्ती घरं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी पत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी दोनदा लिहिलं आहे, म्हणून ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. मजकूर थोडक्यात असा:

"आमच्या गावात ख्रिस्ती चार घरं. आजेसासरे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, तेव्हापासूनचे आम्ही. मी आशा वर्कर आहे, गावातल्या प्रत्येक घरात माझं जाणं-येणं आहे. माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, गावात कापूस खरेदी करतात. आमच्या चर्चच्या मंडळीत ते पंच आहेत, रविवारी शास्त्रवाचन तेच करतात. पण ते काटा मारतात. शेजारच्या काकूंनी घरी पोती मोजली तेव्हा अकरा क्विंटल चाळीस किलो भरली, भासऱ्यांच्या काट्यावर अकरा क्विंटल पाच किलो. दुसऱ्या दिवशी हँडपंपावर चार बायांसमोर काकू मला म्हणाल्या, 'काटा माराले बी तुमच्या येशूनंच शिकवलं का वो?' त्यात यंदा पोळ्याच्या संध्याकाळी शहरातून आलेल्या एका प्रचारकानं लाउडस्पीकरवर बैलपूजेला नको ते म्हटलं. तेव्हापासून लोक माझ्याशी कामापुरतं बोलतात. आमच्यामुळे प्रभूच्या नावाला बट्टा लागला, या विचारानं झोप येत नाही. नवरा म्हणतो, घरातलं घरात ठेव, आपण मूठभर माणसं, बाहेर गेलं तर आपलीच शोभा. मी बोलू की गप्प राहू? मंडळीतर्फे आरोग्य शिबिर आणि ब्लँकेटवाटप केलं तर गावाचं मत बदलेल का? काकूंनी सीतादहीला, कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेला, बोलावलं तर जाऊ का? आणि नाताळचा फराळ यंदा त्यांच्याकडे पाठवू की नको?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधीच सांगते, मी ख्रिस्ती नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी हिंदू घरात वाढले. त्या दिवशी हँडपंपावर मी असते तर त्या चार बायांमध्येच उभी असते. तेव्हा तिथून तुम्ही कशा दिसता, ते आधी सांगते.

माझा धाकटा भाऊ एका मिशन दवाखान्यात झाला. आई दोन दिवस अडली होती. बैलगाडीनं फाट्यापर्यंत आणि तिथून एसटीनं तिला नेलं. बाळंतपण रात्री झालं. आईचं लुगडं रक्तानं भिजलेलं होतं, सोबत बाईमाणूस कोणी नव्हतं. सकाळी आई जागी झाली तर लुगडं धुऊन व्हरांड्याच्या दोरीवर वाळत घातलेलं. रात्रपाळीच्या सिस्टरनं स्वतःच्या हातानं धुतलं होतं. आमच्याकडे बाळंतिणीच्या कपड्याला घरचं माणूसही हात लावत नसे. आई सत्तरी ओलांडून गेली, पण शेवटपर्यंत ख्रिस्ती माणसाचा विषय निघाला की तिचं एकच वाक्य असायचं: "तिनं माझं लुगडं धुतलं."

त्याच सकाळी त्याच व्हरांड्यात एका प्रचारकानं वडिलांना गाठलं आणि सांगितलं, पोरगं आमच्या देवानं वाचवलं, तुमच्या मारुतीनं नाही. वडील रात्रभर पायरीवर मारुतीचं नाव घेत बसले होते. ते त्या माणसाला काही बोलले नाहीत, पण आयुष्यात परत त्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. आम्हा भावंडांना एकाच घरात ख्रिस्ती धर्माची दोन मतं ऐकायला मिळाली आणि दोन्ही खरी होती.

म्हणून तुम्हाला जे वाटतं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. माणसं धर्म ग्रंथातून ओळखत नाहीत, शेजाऱ्याच्या वागण्यातून ओळखतात. महात्मा गांधींनी आत्मकथेत लिहिलं आहे की राजकोटला शाळेजवळच्या कोपऱ्यावर उभे राहून मिशनरी हिंदूंना आणि त्यांच्या देवांना शिव्या देत, आणि त्यातून त्यांच्या मनात लहानपणी ख्रिस्ती धर्माविषयी अढी बसली. पुढे विलायतेत त्यांनी येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि ते थेट काळजाला भिडलं. मधली कितीतरी वर्षं त्या कोपऱ्यावरच्या आवाजानं खाल्ली. नंतर स्टॅन्ली जोन्स या अमेरिकन मिशनऱ्यानं त्यांना विचारलं, ख्रिस्ती धर्म या देशाला परका वाटू नये म्हणून काय करावं? गांधीजींनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की तुम्ही सगळ्या ख्रिस्ती लोकांनी येशूसारखं जगायला लागावं.

एवढं मान्य करून आता तुमच्या पत्राकडे येते. तुमच्या साडेतीन पानी पत्रात काकूंचे पस्तीस किलो दोन ओळींत संपले आहेत. प्रभूच्या नावाला लागलेला बट्टा मात्र तीन पानं व्यापून आहे. रागावू नका, पण मला वाटतं सगळी गाठ इथंच आहे.

पस्तीस किलो म्हणजे काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सात हजारांचा भाव धरला तरी दोन हजार चारशे पन्नास रुपये. एवढा कापूस वेचायला एका बाईचा सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा दिवस जातो, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघतात. काकूंनी वेचणारणींना किलोवर मजुरी दिली ती घरच्या वजनानं. म्हणजे त्या पस्तीस किलोंची मजुरीही त्यांच्याच पदरातून गेली आणि मालही गेला. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर जावं तर ओलावा बारा टक्क्यांच्या वर असला की माल परत, नोंदणी, गाडीभाडं, रांगेत दोन दिवस, आणि हातात रोख नाही. अडलेली बाई दारातल्या काट्यालाच माल देते, आणि तिची ही अडचण काटेवाल्याला पक्की ठाऊक असते.

तेव्हा आधी कोणाचं काय गेलं? काकूंचा कापूस गेला. बट्टा त्यानंतर लागला. तुम्ही बट्टा धुवायला निघालात आणि कापूस तसाच राहिला, तर काकूंना ते लगेच कळेल. शिबिर आणि ब्लँकेटं यांच्याबद्दल म्हणूनच मला धास्ती वाटते. शिबिर वाईट नाही. पण ज्या घरानं कापसात मारलं त्याच घराच्या माणसांनी थंडीत ब्लँकेट आणून दिलं, तर काकू ते कोणत्या मनानं पांघरतील? आणि आपल्या भागात या गोष्टीला जुना इतिहास आहे. विदर्भ मध्य प्रदेशात होता तेव्हा, १९५४ साली, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला सरकारनं नियोगी समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालात आरोपच हा होता की शाळा, दवाखाने आणि कर्ज यांचा वापर धर्मांतरासाठी होतो. ख्रिस्ती मंडळींनी तो अहवाल एकांगी म्हणून नाकारला. खरं-खोटं काही असो, "हे फुकट देतात ते कशासाठी?" हा प्रश्न तेव्हापासून गावाच्या मनात आहे. वाटप केलं की तो जागा होतो. कापूस परत केला तर होणार नाही, कारण ते देणं आहे.

तुमच्या पत्रात आणखी एक ओझं आहे आणि ते तुमचं नाही. तालुक्याच्या बाजारात काटा मारणारे आणखी किती असतील? त्यांच्यापैकी कोणाच्या देवाला काकूंनी कधी जाब विचारला? माझ्या जातीचा, माझ्या धर्माचा व्यापारी मला फसवतो तेव्हा मी "तो लबाड आहे" म्हणते. चार घरांपैकी एकानं फसवलं की "ते लबाड आहेत" म्हणते. हा अन्याय आहे, आणि तो आम्ही करतो. मुसलमानांच्या दोन घरांच्या गावात, पारध्यांच्या बेड्याजवळच्या गावात हेच होतं. आमच्या भाषेतसुद्धा "बाटणे" हा शब्द तुमच्यासाठी तयार करून ठेवला आहे, तुम्ही काही करण्याआधीच. भासऱ्यांच्या काट्याचा जाब भासऱ्यांनी द्यायचा. प्रत्येक ख्रिस्ती माणसाचा जामीन तुम्ही राहू नका. हँडपंपावर खाली मान घालून उभं राहण्यासारखं तुम्ही काही केलेलं नाही.

पण गप्प राहण्याबद्दल विचाराल तर माझं उत्तर नाही असंच आहे. तुमच्याकडे "साक्ष" हा शब्द फार वापरतात. मंडळीत उभं राहून तुम्ही आपल्या श्रद्धेची साक्ष देता. कोर्टातही साक्षच असते, आणि तिथं साक्षीदारानं पाहिलं ते सांगायचं असतं, कोणाचा बचाव करायचा नसतो. तुम्ही काट्याबद्दल मौन धरून प्रभूचं नाव वाचवायला निघालात तर बचावाला उभ्या राहाल.

आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. बायबलात पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. चोरी करू नये असा उपदेश करणाऱ्या तू स्वतः चोरी करतोस काय, असं विचारून तो म्हणतो की तुमच्यामुळेच परक्या लोकांत देवाच्या नावाची निंदा होते. नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाची सुरुवातच खोट्या तागडीनं होते, देवाला तिचा वीट आहे म्हणून. रविवारी वाचन भासरे करतात असं तुम्ही लिहिलं आहे. हे दोन्ही भाग त्यांच्याही वाचनात आलेच असतील.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच विदर्भातलं आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहत. तंजावरचे, ख्रिस्ती घरातले, शिकलेले हिशेबतपासनीस. मुंबईतला चांगला चाललेला धंदा सोडून ते गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कामाला लागले. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. स्वयंसेवकांच्या जेवणखर्चासाठी त्यांनी रोजचे मोजके आणे ठरवून दिले होते. गांधीजी आणि त्यांच्यासोबतची माणसं पाटण्याला यायची वेळ आली, तेव्हा कुमारप्पांनी सांगून टाकलं की त्यांचा खर्च या निधीतून होणार नाही, तो पैसा भूकंपग्रस्तांचा आहे. खुद्द गांधीजींना! त्यांनीही ते मानलं. या माणसानं येशूच्या शिकवणीवर लिहिलंही आहे. पण वर्ध्याकडे माझ्या लहानपणी जुनी माणसं त्यांचं नाव घ्यायची ती हिशेबाला पक्का माणूस म्हणून, आणि बोलण्याच्या ओघात मग सांगायची, "ख्रिस्ती होते ते."

आता करायचं काय. तुमच्याच मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, वाट दिलेली आहे आणि गावातल्या माणसाला ती पटण्यासारखी आहे: आधी एकट्यानं एकट्याला सांगा, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घ्या, तरीही नाही तर मंडळीपुढे न्या. सुरुवात नवऱ्यापासून करा. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांना धंद्यावरून बोलणं किती अवघड, हे मी जाणते. तुम्ही एकट्या गेलात तर बोलणं काट्यावरून तुमच्या मर्यादेवर घसरेल. नवऱ्याला "तुमचा भाऊ लबाड आहे" म्हणू नका. "काकूंचे पस्तीस किलो द्यायचे आहेत, कधी द्यायचे?" एवढंच विचारा. आकड्याशी भांडता येत नाही. जाऊबाईंशीही बोला. गावात सगळ्यात आधी टोमणे त्यांना बसत असतील, आणि त्या तुमच्याआधीपासून रडत असण्याची शक्यता आहे.

भासऱ्यांना मान राखून वाट ठेवा. काटा बिघडला होता, तपासून घेतला, ज्यांचं कमी भरलं त्यांचं देतो, असं ते म्हणाले तर त्यांना तेवढी जागा द्या. कबुलीजबाब वदवून घ्यायला जाऊ नका. मात्र ती जागा खऱ्या तपासणीची असावी. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापनशास्त्र विभागाकडून दरवर्षी करून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र खरेदीच्या ठिकाणी दिसेल असं लावावं लागतं. ते लागलं, काट्याशेजारी वीस किलोचं शिक्क्याचं वजन राहिलं आणि "आधी हे ठेवून पाहा, मग पोतं ठेवा" असं भासरे स्वतः म्हणू लागले, तर दोन हंगामांत गावाचं बोलणं बदलेल. तुमच्या शास्त्रातला जकातदार जक्कय फसवलेल्यांना चौपट परत देतो म्हणाला. भासऱ्यांनी एकपट दिलं तरी काकूंचं घर चालेल.

नाहीच ऐकलं तर मंडळीच्या पाळकांना सांगा, आणि तोवर भासऱ्यांनी पंचपदावरून बाजूला राहावं असं स्पष्ट म्हणा. सरकारी तक्रारीचं पाऊल शेवटचं ठेवा, पण ते काकूंच्या हातात असू द्या. त्यांनी तक्रार करायची ठरवली तर त्यांना अडवू नका, कोणाकडून अडवू देऊ नका. "आपण मूठभर आहोत" ही तुमच्या नवऱ्याची भीती मी हलकी मानत नाही. हवा कशी आहे ते सगळ्यांना दिसतं आहे, आणि एका काट्यावरून चार घरांना वेठीला धरणारे बाहेरून यायला वेळ लागत नाही. पण म्हणूनच ते घरातून लवकर सुटायला हवं. काकूंचे पैसे काकूंना मिळाले तर बाहेरच्याला गावात पाय टेकायला जागा उरणार नाही. ते मिळाले नाहीत आणि काकू एकट्या पडल्या, तर त्यांच्या बाजूनं उभा राहणारा बाहेरूनच येईल.

प्रचारकाचं पटकन सांगते. तो निघून गेला, पोळा गावात राहिला, आणि तुम्हीही. तुम्ही लिहिलं आहे की पूर्वी तुमच्या घरचे बैलही तोरणाखाली उभे राहत. वर्षभर राबलेल्या जनावराला एक दिवस न्हाऊ-माखू घालून पुरणपोळी चारणं याला ज्यानं नावं ठेवली, त्यानं कास्तकाराच्या वर्मावर बोट ठेवलं. पाळकांना सांगा की पुढच्या वेळी बाहेरचा वक्ता बोलावण्याआधी गावाला विचारावं आणि लाउडस्पीकर अंगणाबाहेर जाऊ नये. आपली श्रद्धा सांगायला कोणाची ना नाही. माझ्या वडिलांना त्या सकाळी कोणी नुसतं "मी तुमच्या बाळासाठी प्रार्थना केली" म्हटलं असतं, तर त्यांनी हात जोडले असते.

सीतादहीबद्दल तुम्ही फार घाबरून विचारलं आहे. पहिल्या वेचणीला काकू बोलावतात, दहीभाताचा नैवेद्य होतो, तो खायचा की नाही हे तुमचं मन ठरवेल. यात मी पडणार नाही. पौलानंही करिंथकरांना लिहिताना नैवेद्य खाण्याच्या प्रश्नावर सरसकट हो किंवा नाही म्हटलेलं नाही. समोरच्या माणसाच्या मनाचा विचार करा, यावर त्याचा भर आहे. पण जाण्याचा आणि खाण्याचा प्रश्न वेगळा करा. जा. ओटी बांधा, दोन सऱ्या वेचा. खाणार नसाल तर काकूंना आदल्या दिवशी त्यांच्या ओसरीवर बसून सांगा, की काकू, पूजेचं मी खात नाही, पण तुमच्या शेतात येते, माझी भाकर सोबत आणते. त्या हो म्हणतील. विदर्भातल्या म्हाताऱ्या बायांना न खाणारी पाहुणी चालते. न येणारी चालत नाही.

आणखी एक. तुम्ही आशा आहात. रात्री-अपरात्री कोणाच्या पोटात दुखायला लागलं की तुमचा फोन वाजतो. त्या हँडपंपावरच्या चार बायांपैकी किती जणींच्या बाळंतपणाला तुम्ही सोबत गेलात, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं लिहिण्यासारखं काही आहे असं तुम्हाला वाटलंच नसेल. त्या सिस्टरलाही लुगडं धुताना वाटलं नसणार.

फराळाचं शेवटचं. करंज्या पाठवा, दरवर्षी जेवढ्या पाठवता तेवढ्याच, जास्त नाही. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपुढे दान ठेवण्याआधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे ना, तसं करा. ते दोन हजार चारशे पन्नास रुपये ताटाच्या आधी काकूंच्या हातात पडू द्या. भासऱ्यांनी तोवर दिले नाहीत, तर ताट घेऊन तुम्ही स्वतः जा आणि दारातच सांगा की वजन कमी भरलं हे मला माहीत आहे आणि मी घरात बोलते आहे. मग करंज्या ठेवा.